म्युच्युअल घटस्फोट: मुलीची पोटगी सोडून द्या म्हणतायत, सही करू का?

रानजाई
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. आम्ही दोघं वर्षभराहून जास्त काळ वेगळे राहतोय, मी मुलीला घेऊन कोथरूडला आईकडे आणि तो हिंजवडीजवळच्या आमच्या फ्लॅटवर. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. मारहाण, पोलीस असलं काही नाही, दोघांनाही हा संसार पुढे रेटायचा नाही एवढंच, म्हणून म्युच्युअल करायचं ठरलंय. त्याच्या वकिलाने कन्सेंट टर्म्सचा (दोघांच्या संमतीने ठरलेल्या अटींचा) मसुदा पाठवलाय (दोघांचं तोच बघतोय सध्या), त्यातली दोन कलमं मला टोचतायत. एक, "पत्नी स्वतःची व मुलीची मागील, चालू व भविष्यातील पोटगी कायमची सोडून देत असून मुलीचा ताबा पत्नीकडे राहील." दोन, "पती उभयतांच्या सोयीने मुलीस भेटेल." संपलं. मुलीबद्दल अख्ख्या मसुद्यात एवढंच आहे.

मी नोकरी करते, पगार त्याच्या साधारण निम्मा. मला स्वतःला पोटगी नकोय, ते माझं पक्कं आहे, त्यावर कृपया चर्चा नको. पण पोरीचं काय? मामा म्हणतो सही कर आणि मोकळी हो, पैशाचं काढलंस तर तो ताबा मागेल आणि दहा वर्षं तारखांमध्ये जातील. आई म्हणते बापाने पोरीचं करायला नको का. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. तिकडून शुक्रवारपर्यंत सही मागितलीय.

हातपंखा
सही करू नका. बाकीचे सविस्तर लिहितीलच, पण शुक्रवारी सही करू नका.
आणि मामांना सांगा, भाचीची बारावीपर्यंतची फी तुम्ही भरणार असाल तर आत्ता करते.

खिडकीपाशी
हातपंखा +१
ताई, मला तर हेच खटकलं की दोघांचं एकच वकील बघतोय. तो त्याने नेमलाय, फी तो देतोय, मग तो तुमचं कशाला बघेल? वाईट माणूस आहे असं नाही म्हणत मी, पण तुमचा वेगळा वकील हवाच. खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयातच आहे, तिथे महिलांना वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, नोकरी करणाऱ्या बाईलाही मिळतो. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. माझ्या जावेला तिथूनच वकील मिळाल्या होत्या, तरुण होत्या पण कागद नीट वाचायच्या.

काळा_कोट
रानजाई ताई, मी वकील आहे, फॅमिली मॅटर्सच जास्त करतो. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क आहे, तुमचा नाही, त्यामुळे तो तुम्हाला सोडताच येत नाही. स्वतःचा सोडायला तुम्ही मोकळ्या आहात. असं कलम असतानाही नंतर मुलांच्या वतीने अर्ज झालेत आणि कोर्टांनी ते ऐकलेत. आता कोणी म्हणेल, मग करून टाका सही, नंतर बघू. तसंही करू नका. नंतर म्हणजे नवीन केस, नवीन नोटीस, तोवर तो बंगलोरला बदली होऊन गेलेला, आणि पहिल्याच तारखेला समोरचा वकील तुमचीच सही तुमच्यापुढे धरणार. आत्ता दोघं बोलताय, एका टेबलावर बसताय, याच्यापेक्षा चांगली वेळ परत येत नाही.

मामांची भीती ताब्याची आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. त्यानंतर मूल आपोआप बापाकडे जातं असा समज घरोघरी आहे, तो चुकीचा. कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर, त्यापुढे आईचाही हक्क नाही आणि बापाचाही नाही. मूल आज कुठे रुळलंय, शाळा कुठली, त्याचं रोजचं कोण करतं, घरात आजी-आजोबा आहेत का, हे न्यायाधीश बघतात. त्याने ताबा मागितला तर मागू दे, मागितला म्हणजे मिळाला असं होत नाही. आणि जो माणूस मसुद्यात ताबा सरळ तुम्हाला देतोय तो पोटगीचं नाव काढल्यावर ताबा मागायला लागला, तर कोर्टाला त्यातलं कळतं.

नाशिककर_बाबा
दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय.

मी बाप आहे, घटस्फोटित. माझ्या टर्म्समध्येही अगदी हेच होतं, "उभयतांच्या सोयीने". ती सोय कधी जमलीच नाही. कधी ताप, कधी युनिट टेस्ट, कधी मावसबहिणीचं लग्न. शेवटी अर्ज केला आणि कोर्टाच्या आवारात मुलांसाठी असलेल्या खोलीत भेट मिळाली. ती खोली ज्यांनी बघितली नाही त्यांनी बघू नये. प्लास्टिकची घसरगुंडी, चाक निखळलेली तीनचाकी, कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसलेल्या बाई. चार-पाच बाप एकाच वेळी आपापल्या पोराला बोलतं करायला बघतायत. माझा मुलगा अर्धा वेळ आजीच्या पदराला धरून उभा असायचा आणि जरा हसायला लागला की वेळ संपायची. मी डब्यात शंकरपाळे न्यायचो, ते बऱ्याचदा तसेच परत.

पोटगी मी एकही महिना चुकवलेली नाही, आजही देतो. पण लोकांना बाप म्हणजे एटीएम वाटतं याचं वाईट वाटतं. तेव्हा ताई, पोटगीचं कलम जरूर बदला, पण भेटीचंही बदला आणि त्या बाबालाही हा धागा वाचायला द्या. ढिलं कलम सगळ्यात आधी त्याच्याच मुळावर येणार आहे, तुमच्या नाही.

सुपारीकातर
नाशिककर, मग तुम्ही पैसे थांबवायचे ना भेट मिळेपर्यंत. सरळ हिशोब.

नाशिककर_बाबा
कशाला? उपाशी माझाच मुलगा राहणार ना.

काळा_कोट
सुपारीकातर, हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, दोन्ही वेगवेगळे विषय आहेत आणि दोन्ही मुलाचेच हक्क आहेत. पोटगी थांबवलीत तर थकबाकीसाठी वॉरंट निघू शकतं. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर अंमलबजावणीचा अर्ज करा, अवमानाचा करा. वारंवार मोडला तर ताब्याचा फेरविचार होऊ शकतो, कारण ताब्याचा कुठलाच आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो.

शाळाबाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असतातच. शाळा सुटताना एकीकडून आई येते, दुसरीकडून काका येतात "आज बाबांकडे न्यायचंय" म्हणून, आणि मूल माझा हात धरून मध्ये उभं. आम्हाला कोणाचंच काही माहीत नसतं. तेव्हा टर्म्समध्ये हेही घाला: मुलीला शाळेतून कोण नेऊ शकतं त्यांची नावं, प्रगतिपुस्तक आणि पालकसभेचा निरोप दोघांनाही जाईल की नाही, स्नेहसंमेलनाला दोघं येणार का. आणि आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या. बाबा येऊ नये असं वाटत असेल तर ते शाळेला तोंडी सांगून भागत नाही, आम्ही कोणत्या आधारावर अडवायचं?

एक पदरचं सांगते. बाबा भेटत राहतात त्या मुलांचं सोमवारचं रडणं थोड्या दिवसांनी थांबतं. बाबा अचानक यायचे बंद होतात त्यांचं थांबत नाही, ते फक्त गप्प होतात.

गच्चीवरून
२५ टक्के असतं ना पगाराच्या? फिक्स आहे असं ऐकलंय.

काळा_कोट
नाही. नक्त पगाराच्या २५ टक्क्यांचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात केला होता, तोही बायकोच्या पोटगीबद्दल आणि त्या प्रकरणापुरता. कायद्यात टक्केवारी नाही. आता २०२० चा रजनीश विरुद्ध नेहा हा निकाल पाया धरतात. दोघांनीही मिळकत, कर्ज, खर्च याचं ॲफिडेव्हिट द्यायचं, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, आणि आई चांगलं कमावत असेल तर मुलाचा खर्च दोघांत मिळकतीच्या प्रमाणात वाटता येतो. रानजाईंच्या बाबतीत त्याचा पगार दुप्पट धरला तर दोन भाग त्याचे, एक भाग तुमचा, अशी बोलणी सुरू करायला हरकत नाही. आधी मुलीचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा, फी, व्हॅन, पुस्तकं, कपडे, डॉक्टर, क्लास, सुट्टीतलं पाळणाघर. आकडा त्यातून निघू दे.

निळीशाई
मी या धाग्यावर वेगळ्या जागेवरून लिहितेय. मी ती मुलगी आहे.

आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी तिसरीत होते. बाबा पैसे द्यायचे, कधी नाही म्हणाले नाहीत. पण कागदावर "दरमहा देईल" एवढंच होतं, कसे द्यायचे ते नव्हतं. मग ते पैसे आणायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी परत निघताना बाबा पाकीट माझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायचे आणि म्हणायचे, आईला सांग मोजून घे. आई मोजायची. कमी असले की मला विचारायची, बाबा काय म्हणाले? मी काहीतरी बनवून सांगायचे. बाबा ऑफिसमध्ये अडकलेत, पुढच्या रविवारी देतायत, असं काहीही. त्या वयात मी दोघांच्या वतीने खोटं बोलायला शिकले आणि दोघांनाही ते कधी कळलं नाही.

रानजाई, पैसे बँकेतून बँकेत, अमुक तारखेच्या आत, हे एक वाक्य टर्म्समध्ये घाला. मुलीच्या हातात काही देऊ नका, निरोपसुद्धा नाही.

खिडकीपाशी
निळीशाई, वाचून गलबलून आलं गं.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार. निळीशाई, तुझा प्रतिसाद मी त्याला पाठवलाय, फक्त तेवढाच. त्याने वाचला, "हे मलाही नकोय" एवढंच उत्तर आलं.

शुक्रवारची सही मी नाही म्हणून कळवलं. मग काल रात्री त्याचा फोन. त्याचं म्हणणं, दरमहा देत बसण्यापेक्षा फ्लॅटमधला स्वतःचा अर्धा हिस्सा मुलीच्या नावावर करतो, विषय कायमचा संपवू. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे, हप्ता सध्या तोच भरतोय. ऐकायला बरं वाटतंय. मामा तर खूशच आहे. काय वाटतं?

हातपंखा
हप्ता पुढे कोण भरणार हे पहिलं विचारा. मामांना इतक्या लवकर खूश होऊ देऊ नका.

पैलतीर
भिंतीतून शाळेची फी निघत नाही ताई. हिस्सा देतो तर देऊ दे, पण महिन्याचे वेगळे.

काळा_कोट
पैलतीर बरोबर बोलले. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलीच्या नावावर स्थावर मिळकत आली की ती कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हाला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, हे त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम ८. म्हणजे उद्या लहान घरात जायचं म्हटलं, तिच्या शिक्षणासाठी विकायचं म्हटलं, तरी आधी अर्ज आणि त्यात मुलीचा फायदा कसा ते दाखवायचं. दुसरं, कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय काही होणार नाही आणि हप्ता थकला तर बँक मुलीकडे बघून थांबणार नाही. हिस्सा हा वारसा म्हणून छानच आहे, त्याला नाही म्हणू नका. पण पोटगीच्या बदल्यात घेऊ नका.

मासिक रकमेत दरवर्षी किती वाढ होणार तेही आत्ताच लिहा, शाळा फी वाढवताना कोणाला विचारत नाही. आणि १८ वर्षांवर थांबू नका. मुलगी १८ ची होते तेव्हा बारावीत किंवा एफवायला असते. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर १८ नंतरही दत्तक आणि पोटगी कायदा १९५६, कलम २० खाली वडिलांकडे मागू शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे परत स्पष्ट केलंय. मग कोर्टात मागायला लावण्यापेक्षा "पदवी पूर्ण होईपर्यंत" असं आजच लिहा.

दूरदेशी
आम्ही न्यू जर्सीत. इकडे यासाठी सूत्रच आहे, दोघांचं उत्पन्न आणि मूल किती रात्री कोणाकडे राहतं ते घातलं की आकडा येतो, आणि रक्कम बहुतेक वेळा पगारातूनच कापली जाते. भांडण होतच नाही असं नाही, पण आकड्यावरून कमी होतं. भारतात असं का करत नाहीत?

आणि इथल्या मराठी जोडप्यांसाठी एक सूचना. भांडण झालं की मूल घेऊन सरळ पुण्याला निघून यायचं, हे आमच्या ओळखीत बघितलंय. परदेशात नेलेली मुलं परत पाठवण्याबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही म्हणून तिथे गेलं की सुटलो असं काहींना वाटतं. तसं नाहीये. भारतातलं कोर्टही मुलाचं हित बघून परत पाठवू शकतं.

काळा_कोट
दूरदेशी, बरोबर. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईला मुलीसह अमेरिकेला परत जायला सांगितलं होतं. त्याच निकालात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे, ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज ५-१० मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर. रानजाई, तुमच्या टर्म्समध्ये घाला.

सूत्राचं म्हणाल तर विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला, त्यात एकत्रित ताबा आणि पोटगीची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही सुचवलेत. कायदा अजून झालेला नाही.

मांडवीकाठ
गोंयकारांनी हा धागा वाचून घाईने काही ठरवू नये. आमच्याकडे हिंदू विवाह कायदा लागूच नाही, घटस्फोट १९१० च्या पोर्तुगीज काळातल्या कायद्याने होतो, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. पणजी-मडगावच्याच वकिलाला विचारा. पुण्याच्या मेव्हण्याचा सल्ला तिथेच राहू दे.

बांधावरचा
जरा वेगळा प्रश्न आहे, विषयाला धरूनच आहे असं वाटतं. आमच्या चुलत आत्याचं लग्न ज्याच्याशी लावलं त्याची पहिली बायको हयात होती, लपवून ठेवलेलं. दोन मुलं झाली. आता तो म्हणतो लग्नच बेकायदेशीर होतं तर मुलं माझी कशी, आणि सातबाऱ्यावर तर नावच लागू देणार नाही. गावातले पण म्हणतात दुसरीची मुलं, काही मिळत नाही. आत्या शेतावर रोजाने जाते. काही मार्ग आहे का वकीलसाहेब? सोलापूर जिल्हा आहे.

काळा_कोट
बांधावरचा, विषयालाच धरून आहे. लग्न कायद्याने रद्दबातल असलं तरी त्यातली मुलं हिंदू विवाह कायदा कलम १६ प्रमाणे औरसच धरतात. पोटगीला तर औरस-अनौरस असा फरकच नाही, आधीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२५ जे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं, त्यात दोन्ही प्रकारची मुलं येतात आणि ते सगळ्या धर्मांना लागू आहे. आत्या जिथे राहते तिथल्याच कोर्टात अर्ज करता येतो, त्याच्या गावी जावं लागत नाही. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण अर्जात ही ओळ लिहून ठेवा.

जमिनीचं: सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ठरवलंय की अशा मुलांना आईवडिलांच्या मिळकतीत हिस्सा आहे, आणि वडिलोपार्जित जमिनीत वडील वारल्यावर त्यांच्या वाट्याला जो हिस्सा आला असता त्यातही आहे. वडील हयात असताना वाटणी मागता येत नाही. तेव्हा आत्ता पोटगी, आणि जन्मदाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, जिथे जिथे बापाचं नाव आहे ते सगळं जपून ठेवा.

थकबाकीबद्दल सगळ्यांनाच सांगतो कारण हे फार लोकांकडून राहून जातं. कलम १४४ च्या आदेशाची पोटगी थकली तर वसुलीचं वॉरंट मिळायला देय तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत तीन वर्षं थांबलात तर जुन्या रकमेसाठी हा मार्ग बंद. आणि तो तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही.

बांधावरचा
लई उपकार साहेब. आत्याला कलम १६ चं सांगितलं तर म्हणली, म्हंजी पोरं कायद्यानं त्याचीच ना. हो म्हणलं. मग डोळे पुसले आन् कागदं शोधायला लागली.

गच्चीवरून
एका मित्राला मूल आपलं नसल्याचा संशय आहे. डीएनए करून पोटगी टाळता येते का? कीट ऑनलाइन पण मिळतात म्हणे.

शाळाबाई
मूल किती वर्षांचं आहे? त्याला कळलं तर काय होईल याचा विचार केलाय का मित्राने?

काळा_कोट
लग्न चालू असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा निर्णायकपणे धरतो, आधी पुरावा कायद्याचं कलम ११२, आता साक्ष्य अधिनियमाचं ११६. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे नवऱ्याने दाखवायचं. नुसत्या संशयावर कोर्ट चाचणीचा आदेश देत नाही. पुण्याच्याच एका जोडप्याच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, खालच्या दोन्ही कोर्टांनी दिलेला डीएनएचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण ते मूल त्या भांडणात पक्षकारच नव्हतं आणि डाग मात्र त्याच्यावर बसणार होता. २०१४ च्या दुसऱ्या एका प्रकरणात चाचणी झालेलीच होती आणि अहवाल स्पष्ट होता, तिथे विज्ञान वर धरलं, हेही खरं. पण घरी चोरून कीट वापरून पोटगी बंद करण्याचा मार्ग नाहीये. मित्राला आधी समुपदेशकाकडे पाठवा.

तिरफळ
गाडी परत कोथरूडला आणू का? रानजाई, पुढे काय झालं? आम्ही इथे वाट बघतोय.

रानजाई
आणते. उशीर झाला कारण मधे बरंच घडलं.

मी माझी वेगळी वकील केली. त्यांनी पहिल्याच बैठकीत ते कलम पेनाने खोडलं. मग आम्ही दोघं आणि दोन्ही वकील असे बसलो. मी मुलीच्या खर्चाची यादी नेली होती, तो यादी बघून गप्प झाला कारण व्हॅनला महिन्याला किती लागतात हेही त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्यानेच बोलून दाखवलं. दोन भाग त्याचे, एक माझा, दर जूनमध्ये वाढ, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत माझ्या खात्यात, पदवीपर्यंत. मेडिक्लेम त्याच्या कंपनीचा आहे त्यात मुलगी राहील. फ्लॅटचं वेगळं ठेवलंय, विकून कर्ज फेडून उरलेलं वाटून घ्यायचं, त्याच्या वाट्यातली काही रक्कम मुलीच्या नावे एफडी. तीही मोडायची असेल तर दोघांच्या सह्या लागतील असं लिहिलंय.

भेटीचं नाशिककर दादा तुमच्यामुळे मी स्वतःच काढलं. पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार सकाळी दहापासून रविवार संध्याकाळी सहापर्यंत त्याच्याकडे, रोज रात्री साडेआठला फोन, दिवाळीची आणि मेची सुट्टी निम्मी निम्मी. आजारी असली तर तो घरी येऊन भेटेल, भेट रद्द नाही. शाळेतून न्यायला चार नावं, शाळाबाई. आई जरा कुरकुरली, घरी येणार म्हणजे काय म्हणून, पण मी ठाम राहिले. तो तिचा बाप आहे.

पुढच्या आठवड्यात फाइल करतोय. सहा महिने थांबावं लागेल का?

काळा_कोट
वाचून खरंच बरं वाटलं. सहा महिन्यांची अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं, दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असाल आणि ताबा, पोटगी सगळं मिटलेलं असेल तर. अर्ज वेगळा करावा लागतो, वकिलांना सांगा. आणि पासपोर्टचं एक वाक्य घाला, मुलीच्या पासपोर्टला दोघं संमती देतील आणि परदेशी नेण्याआधी दुसऱ्याला लेखी कळवतील. नाहीतर प्रत्येक वेळी एकट्या पालकाचं परिशिष्ट सी भरत बसावं लागतं.

नाशिककर_बाबा
आजारपणाचं कलम तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या मुलीचं नशीब चांगलं आहे. मी माझ्या वकिलाला हाच मजकूर दाखवतोय, माझाही अर्ज परत लावता येतो का बघतो.

निळीशाई
५ तारीख, खात्यात. बास. थँक्यू रानजाई.

तिरफळ
सगळं छान आहे पण गणपती राहिले की. तुमचं सासर कोकणातलं म्हणाला होतात ना मागे कुठल्यातरी धाग्यात? सगळी भांडणं तिथेच होतात, मी देवरुखचा आहे, मला विचारा. दिवाळीची सुट्टी शाळेची असते, गणपतीची दोन-चार दिवसांची, ती "सुट्टी निम्मी निम्मी" मध्ये बसत नाही.

रानजाई
अगं बाई, हो की. गावी घरचा गणपती आहे त्यांचा, तिला तिथे जायला भयंकर आवडतं, आणि आमच्याकडेही गौरी असतात. काय लिहू? एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे?

तिरफळ
एक वर्षाआड लिहाल तर दोन्हीकडे अर्धी राहील ती. चतुर्थी तिकडे करा, गौरी तुमच्याकडे. तारीख घालू नका, दरवर्षी बदलते. "गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी वडील मुलीस नेतील व गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत आईकडे आणून सोडतील" असं लिहा. आणि कोकणातून पुण्याला यायला त्या दिवसांत घाटात किती वेळ लागतो ते धरून बाराचे चार करा.

रानजाई
चार लिहिते. शाळेची रजा कोण टाकणार तेही लिहिते, नाहीतर तो मला फोन करेल.